फेस आला म्हणजे जंतू मेले असं नसतं हो

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत घरच्या घरी मलमपट्टी कशी करावी याची एक चौकट आली होती, त्यात लिहिलंय की जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतावं आणि जोपर्यंत फेस येतोय तोपर्यंत आत जंतू आहेत असं समजावं, फेस थांबला की जखम स्वच्छ. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात गेली २६ वर्षं मेडिकल चालवतो. सोमवारी सकाळी शटर वर केलं तेव्हा तीन जण ती चौकट मोबाईलमधे फोटो काढून घेऊन दारात उभे होते, तिघांनाही फेसवालं औषध पाहिजे होतं. म्हणून हे पत्र. लांब झालंय, कापायचं तर कापा पण बटाट्याचा भाग तेवढा ठेवा.

तर बटाटा. त्या तिघांपैकी एक जण ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम होता, त्याच्या माणसाच्या नडगीवर कोयता निसटला होता. मी शेजारच्या चहावाल्याकडून एक बटाटा मागवला, काउंटरवर ब्लेडनं मधोमध कापला आणि कापलेल्या भागावर पेरॉक्साइडचे चार थेंब टाकले. पांढरा फेस आला, अगदी जखमेवर येतो तसाच. मुकादमाला विचारलं, आता या बटाट्याला सेप्टिक झालंय का? तो हसायला लागला. मग न कापलेल्या सालीवर टाकलं तर काही म्हणजे काही झालं नाही. कारण असंय की बटाट्यात आणि आपल्या रक्ता-मांसात कॅटलेज नावाचं एक एन्झाइम असतं, त्याचा पेरॉक्साइडशी संबंध आला की पेरॉक्साइड फुटून पाणी आणि ऑक्सिजन होतो, तो ऑक्सिजन बुडबुड्याच्या रूपानं बाहेर पडतो, बस. जंतू नसलेल्या ताज्या स्वच्छ जखमेवर पण फेस येणारच कारण तिथं रक्त आहे. आणि आमच्याकडे जी बाटली मिळते ती २० व्हॉल्यूमची, म्हणजे एक मिली द्रावणातून २० मिली ऑक्सिजन निघतो, टक्केवारीत सांगायचं तर साधारण ६ टक्के. ती जंतूंनाही जाळते आणि जखम भरायला ज्या नवीन पेशी तळातून वर येत असतात त्यांनाही जाळते, तिला काय आपलं आणि परकं कळतंय. रोज ओतत राहिलं तर जखम भरायची ती लांबते. खोल आणि तोंड बारीक अशा जखमेत दाबून भरलं तर तो गॅस आत अडकून रक्तात जाऊ शकतो, तशा घटना डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत, म्हणून तिथं तर अजिबात नको.

आता मी काय फार शहाणा आहे असं नाही. पहिली दहा-बारा वर्षं मीच ह्या बाटल्या डोळे झाकून विकल्या. गिऱ्हाईक म्हणायचं "झोंबणारं द्या, त्याशिवाय गुण येत नाही" आणि मी द्यायचो. आपल्याकडची ही जुनी खोड आहे, औषध कडू पाहिजे, सुई दुखली पाहिजे आणि जखमेला लावलेलं झोंबलं पाहिजे. स्पिरिट चरचरतं म्हणून भारी, डेटॉल पाण्यात टाकलं की दुधासारखं होतं आणि घरभर वास सुटतो म्हणून भारी, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी लाल औषध लावायचे ते आठवडाभर गुडघ्यावर दिसायचं म्हणून तेही भारी. त्या लाल औषधाचं नाव मर्क्युरोक्रोम, त्यात पारा असतो. अमेरिकेत १९९८ साली त्याला सुरक्षित औषधांच्या यादीतून बाहेर काढलं. आमची अख्खी पिढी गुडघे लाल करून फिरली, असो. आणि नळाचं पाणी? ते झोंबत नाही, रंग नाही, वास नाही, फेस नाही, त्यामुळं त्याला कोणी औषध म्हणायलाच तयार नाही.

आता घरातली गोष्ट सांगतो, सांगताना अजून लाज वाटते. माझ्या वडिलांना शुगर, त्यावेळी १४ वर्षं झाली होती. चप्पल चावून उजव्या अंगठ्याशेजारच्या बोटाला एक फोड आला, हरभऱ्याएवढा. आई रोज संध्याकाळी घमेल्यात कढत पाणी घ्यायची, त्यात अँटिसेप्टिक लिक्विड टाकायची, टोपण-बिपण काही नाही, बाटली तिरकी करून पाणी चांगलं पांढरं होईपर्यंत, आणि नाना अर्धा-अर्धा तास पाय बुडवून टीव्ही बघत बसायचे. बाटली कोण आणून देत होतं? मी. दुकानातून. संपली की दुसरी. पंधरा दिवसांनी बोटाची कातडी पांढरी पडून भिजलेल्या पापडासारखी लिबलिबीत झाली, नाना म्हणायचे काही दुखत नाही, आणि आम्ही खुश की बघा ठणका नाही म्हणजे उतार पडला. शुगरमधे पायाच्या नसा बधिर होतात, पाणी किती कढत आहे ते त्यांना कळतच नव्हतं, औषधाची आग होते तीही कळत नव्हती. मग एका सकाळी बोटाचं टोक काळं दिसलं. सोलापूरला नेलं, सर्जननी पाय हातात धरून उलटसुलट बघितला आणि विचारलं रोज कशात बुडवत होता. आईनं सांगितलं. मी काय करतो ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. बोट काढावं लागलं. नंतर तीन महिने ड्रेसिंग चाललं, त्या तीन महिन्यांत त्यांनी जखम धुवायला वापरलं काय तर साधं सलाईन, शिरेतून लावतात तेच, एक लिटरला ९ ग्रॅम मीठ. आणि वर ओलसर गॉज. पाय बुडवायला सक्त मनाई. भरली जखम.

सगळा दोष बाटलीचा होता असं मी म्हणत नाही, शुगर होती, रक्तपुरवठा कमी होता, कढत पाणी होतं. पण बाटलीतलं ते औषध जखमेसाठी वापरायचं तर एक भाग औषध आणि साधारण वीस भाग पाणी असं असतं, म्हणजे अर्धा पेला पाण्याला एक चहाचा चमचा. पाणी पांढरं होणं हे काही माप नाही. ते पांढरं का होतं माहितीये का, त्यातलं क्लोरोझायलेनॉल आणि पाइनचं तेल पाण्यात विरघळत नाही, बारीक बारीक थेंब होऊन तरंगतं आणि उजेड विखुरतो. थोडं टाकलं तरी पांढरं, जास्त टाकलं तरी पांढरं. डोळ्याला फरक कळत नाही आणि कातडी मात्र भाजून निघते. दुसरी ती सॅव्हलॉन, तिच्यात सेट्रिमाइड आणि क्लोरहेक्सिडीन, तिची गंमत वेगळी. ही दोन्ही औषधं साबणाशी जमवून घेत नाहीत, जखमेभोवती साबण राहिला आणि वरून सॅव्हलॉनचं पाणी ओतलं तर दोघं एकमेकांना निकामी करतात. म्हणून साबण आधी नीट धुऊन काढायचा, मग ते. हे मला डी. फार्मला शिकवलं होतं, परीक्षेत लिहिलं पण होतं, दुकानात कुणाला सांगितलं मात्र वीस वर्षांनी.

अँटिसेप्टिक वाईटच असं पण माझं म्हणणं नाही हां. १८६५ साली ग्लासगोमधे लिस्टर नावाच्या सर्जननं गाडीखाली पाय मोडलेल्या एका अकरा वर्षांच्या पोराच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडमधे भिजवलेली पट्टी बांधली आणि सहा आठवड्यांत पोरगं बरं झालं, तेव्हा हाड बाहेर आलं की पाय कापायचा किंवा माणूस जायचा अशी परिस्थिती होती, तिथून सगळं सुरू झालं. पण पुढं पहिल्या महायुद्धात फ्लेमिंग, तोच पेनिसिलिनवाला, फ्रान्समधल्या लष्करी दवाखान्यात होता, त्यानं काचेची नळी तापवून तिला काटे काटे काढले आणि खोट्या जखमेसारखी वापरली. त्याला दिसलं की औषध त्या कोपऱ्याकापऱ्यात पोचतच नाही, जंतू तिथं मजेत राहतात, आणि वर आपल्या रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मात्र औषधानं मरतात. शंभर वर्षं झाली याला. आमच्या गावात अजून पोचलं नाही आणि आपल्या पुरवणीतही पोचलेलं दिसत नाही, राग मानू नका.

मग करायचं काय, तर आधी रक्त थांबवायचं. स्वच्छ कापडाची घडी ठेवून दहा मिनिटं घट्ट दाबून धरायचं, आणि दर मिनिटाला थांबलं का थांबलं का म्हणून उचलून बघायचं नाही, उचललं की जमलेली गुठळी निघते, पहिल्यापासून सुरू. आमच्याकडं बांधावरचा दगडी पाला चुरगळून पिळतात, तंबाखूचा चुना भरतात, शेण लावणारेही अजून आहेत. पाल्याबरोबर बांधावरची माती जाते आणि मातीत, शेणात धनुर्वाताचे जंतू बीज होऊन वर्षानुवर्षं पडून असतात. लोकांना वाटतं गंजलेला खिळा लागला तरच धनुर्वात, गंजाचा काही संबंध नाही, चकचकीत कोयत्याला माती लागलेली असली तरी पुरतं. आणि हे बीज घरातल्या कुठल्याच बाटलीनं मरत नाही, त्याला इंजेक्शनच. लोक अजून टीटी म्हणतात, आता सरकारी दवाखान्यात टीडी देतात, त्यात घटसर्पाचीही लस असते. लहानपणीचे डोस पूर्ण असतील आणि शेवटचं घेऊन पाच वर्षं झाली असतील तर मळलेल्या जखमेला पुन्हा लागतं, साध्या स्वच्छ जखमेला दहा वर्षं चालतं. प्रत्येक खरचटण्याला धावत येऊन टीटी टोचून घेणारेही आहेत, दर सहा महिन्याला, तेही नको.

रक्त थांबलं की धुवायचं. पिण्याचं पाणी असेल तर नळाखाली धरायचं, बोअरचं गढूळ असेल तर उकळून गार केलेलं, पाच मिनिटं तरी धार सोडायची, माती-खडा-पाचटाची कुसळं निघेपर्यंत, जखमेभोवती साबण. नळाच्या पाण्यानं धुतलेल्या आणि सलाईननं धुतलेल्या जखमा यांची तुलना करणारे बरेच प्रयोग झालेत, कोक्रेन म्हणून एक जगभरातले प्रयोग एकत्र तपासणारी संस्था आहे त्यांनी ते गोळा करून बघितले तर नळाच्या पाण्यानं जखम जास्त पिकते असं काही दिसलं नाही. धुताना कापूस वापरू नका, त्याचे तंतू जखमेत चिकटून राहतात, गॉजचा तुकडा घ्या, पाच-दहा रुपयाला मिळतो. मग जखम मळलेली असेल, शेतातली असेल तर पोव्हिडोन आयोडीन, लोक बेटाडीन म्हणतात ते, पातळसं लावायचं आणि दोन मिनिटं वाळू द्यायचं. लोक लावतात आणि लगेच पुसतात, मग लावलं कशाला. त्याचा तपकिरी रंग फिका पडला की समजायचं आयोडीन संपलं. साध्या जखमेला दोन-तीन दिवस पुष्कळ झालं. थायरॉइडचा त्रास असेल, तान्हं बाळ असेल, भाजलेला भाग मोठा असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय ते लावू नका कारण आयोडीन कातडीतून रक्तात जातं. स्पिरिट आणि कोरोनापासून घराघरात पडून असलेलं सॅनिटायझर, हे धड कातडीसाठी, उघड्या जखमेवर नाही.

आणि झाकून ठेवा. "वारा लागू दे, खपली धरू दे" हे माझी आजी पण म्हणायची, पण १९६२ साली विंटर नावाच्या संशोधकानं डुकरांच्या कातडीवर बघितलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या कोरड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगानं आली, कारण खपलीखालून रांगत जायला नव्या पेशींना वेळ लागतो. थोडं साधं व्हॅसलीन आणि वर गॉजची पट्टी, ओली झाली की बदलायची. वर ती पांढरी पावडर भुरभुरवायची नाही, तिची पुटं बसतात आणि खाली पू साठला तरी दिसत नाही. ट्यूबा आणि पावडरी ज्या लोक अँटिसेप्टिक म्हणून मागतात, सोफ्रामायसिन, निओस्पोरिन, त्या अँटिबायोटिक आहेत, डॉक्टरनं सांगितल्यावर लावायच्या, पोराला भाजी चिरताना ब्लेड लागलं म्हणून नाही. निओमायसिनची तर कित्येकांना ॲलर्जी येते, जखमेभोवती लाल होऊन खाज सुटते आणि माणूस म्हणतो चिघळली, आणखी लावा.

हळदीबद्दल बोललो नाही तर आमचे एक रिटायर्ड गुरुजी मला सोडणार नाहीत. ते रोज पेपर वाचायला दुकानात येतात आणि त्यांचं म्हणणं असं की आपल्या माशेलकर साहेबांनी अमेरिकेकडून हळदीचं पेटंट परत आणलं ते काय उगीच? मी त्यांना सांगितलं, गुरुजी, १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं, माशेलकर साहेबांच्या सीएसआयआरनं, म्हणजे आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं, आव्हान दिलं, १९९७ ला ते रद्द झालं, अभिमानाचीच गोष्ट आहे. पण वाद कशाचा होता, तर यात नवीन काही नाही, हिंदुस्थानात आज्या-पणज्या लावत आल्यात हे सिद्ध करायचं होतं, ते कागदपत्रं दाखवून केलं. किराणा दुकानातल्या सुट्या हळदीनं जखम किती भरते हा प्रश्न त्या केसमधे नव्हताच. हळदीत गुण असेल, आहेही, प्रयोग चालू असतात, पण तुमच्या डब्यातल्या हळदीत दळताना काय पडलंय, रंगासाठी काय मिसळलंय हे तुम्हाला माहिती नाही, ती दुधात उकळून प्या, उघड्या जखमेत भरू नका. गुरुजींना काही पटलं नाही. दुसऱ्या दिवशी अंगठ्याला हळद लावूनच आले.

कुत्रं चावलं तर मात्र वरचं पाच मिनिटांचं विसरा, तिथं पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, साबण आणि वाहतं पाणी, मग पोव्हिडोन आयोडीन, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना, लस तिथं फुकट मिळते. चटणी भरणे, चुना लावणे हे प्रकार मी डोळ्यांनी बघितलेत. मागच्या पावसाळ्यात एक बाई पोराच्या पोटरीत तिखट भरून आणलेली, पोरगं ओरडून ओरडून निळं पडलेलं आणि बाईला खात्री की एवढी आग होतेय म्हणजे विष उतरतंय. दुकानामागच्या नळाखाली मी आणि तिनं मिळून धुतलं, तिखट निघता निघेना.

आणि ज्याला शुगर आहे त्याच्या पायाला काहीही झालं, फोड, कुरूप, भेग, तर घरी काही करू नका. मी ज्याला शुगरच्या गोळ्या देतो त्याला आता विचारतो, पाय बघू. काही जण लाजतात, बायका तर जास्तच, पण दाखवतात. जखमेचं तोंड उघडं असेल, आत चरबी दिसत असेल, लाल रेघ वर चढत असेल, ताप असेल, वास येत असेल, तरी तेच, डॉक्टर.

एक गाऱ्हाणं कंपन्यांबद्दल, कुठल्या एकीबद्दल नाही, सगळ्यांचंच. बाटलीवर किती पाण्यात किती टाकायचं ते मुंगीएवढ्या अक्षरात आणि बहुतेक वेळा इंग्रजीत असतं, ते माझ्या आईला काय वाचता येणार, चष्मा लावून मलाच नीट वाचता येत नाही. खोकल्याच्या औषधाच्या टोपणावर मिलीच्या रेघा असतात, मग ह्याच्या टोपणावर का नाहीत? मी गेल्या दिवाळीपासून प्रत्येक बाटलीला स्वतः छापलेलं एक स्टिकर लावतो, मराठीत, मोठ्या अक्षरात, "जखमेसाठी : १ चमचा औषध, अर्धा पेला पाणी. पाय बुडवून बसू नये." ज्या बाटलीवर वेगळं माप छापलंय तिथं आकडा बदलतो. एका एमआरनं, म्हणजे औषध कंपनीच्या फिरत्या प्रतिनिधीनं, बघितलं तर म्हणाला असं चिकटवायला परवानगी लागते. म्हटलं विचारून सांग, अजून फिरकला नाही.

तो मुकादम शेवटी गॉजची चार पाकिटं, एक पोव्हिडोनची बाटली आणि साबणाची वडी घेऊन गेला, पाच लिटरचा कॅन फडावर भरून ठेव म्हणालो, आणि माणसाला टाके घालायला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं कारण जखम दीड बोट उघडी होती. बटाटा पण घेऊन गेला, टोळीला दाखवतो म्हणाला.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या चौकटीत दुरुस्ती छापा. आतल्या पानावर खाली बारीक टायपात नको, चुकीचं छापलं होतं तेव्हा रंगीत चित्र टाकलं होतं तुम्ही.

आपला नियमित वाचक,
एक मेडिकलवाला
जि. सोलापूर